चौथ्या बाकड्याची नोटीस

नीतीसर गालाला फेस लावून आरशासमोर उभे होते, तेवढ्यात पुढचे दार आपटले. सासरे फिरून परत आले होते. घड्याळात पावणेआठ झाले होते, आणि सासरे एकदा साडेसहाला बाहेर पडले की नऊच्या आत त्यांना घराची आठवण होत नसे.

"बाकडं हलवताहेत," सासरे न्हाणीच्या दाराशी येऊन म्हणाले. "आमचं बाकडं. चार नंबरचं. नोटीस लावलीय."

नीतीसरांचा वस्तरा हवेतच थांबला.

"कसली नोटीस?" त्यांनी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारले.

"सरकारी. गोल शिक्का आहे, सही आहे. 'सार्वजनिक हितार्थ' म्हणे! हे ज्या कुणी लिहिलंय ना जावईबापू, त्याचं तोंड मला एकदा बघायचंय."

ते तोंड त्या क्षणी निम्मे फेसाने पांढरे होते आणि उरलेले निम्मे आपोआप पांढरे होत चालले होते.

त्यांना नीतीसर हे नाव प्रशिक्षणाला येणाऱ्या मंडळींनी ठेवले होते. सरकारी नोकरीत नव्याने लागलेल्यांना कामाचे धडे देणारी एक संस्था होती, आणि तिथे ते अकरा वर्षे 'शासन आणि नीती' हा विषय शिकवत होते. सार्वजनिक हित म्हणजे नेमके कुणाचे हित, निर्णय ज्यांच्या डोक्यावर पडणार त्यांना आधी का विचारायचे, चूक झाली तर ती सर्वांत आधी कुणी सांगायची, असे प्रश्न ते फळ्यावर लिहायचे आणि उत्तरेही स्वतःच द्यायचे, कारण वर्गातून ती सहसा येत नसत. दरवर्षी ते एक खोटी नोटीस तयार करत. तिच्यात मुद्दाम पाच चुका पेरलेल्या असत आणि त्या हुडकून काढणे हा वर्गाचा अभ्यास असे.

ही नोटीस कायम एका काल्पनिक विहिरीबद्दल असायची. यंदा एक प्रशिक्षणार्थी म्हणाला, "सर, जी विहीर कुणी बघितलीच नाही, ती बुजवली तर आम्हाला वाईट कसं वाटणार?" सरांना ते पटले. संस्थेच्या आवारात तळे होते, तळ्याभोवती बगीचा होता आणि तो सकाळ-संध्याकाळ गावाला खुला असे. घरात सासऱ्यांच्या तोंडी उठता-बसता चौथे बाकडे होतेच. झाले! सरांनी लिहून टाकले: तळ्याकाठचे बाकडे क्रमांक चार सार्वजनिक हितार्थ हलवण्याचे ठरले आहे, हरकती असल्यास दहा दिवसांत कळवाव्यात. गुरुवारी वर्गात तीस प्रती वाटल्या. शिक्का सहीवर अर्धा चढला पाहिजे ही गोष्ट नुसती सांगून कळत नाही, म्हणून एका प्रतीवर लांब शेपटीची एक बनावट सही करून त्यावर शिक्काही मारून दाखवला. तास संपला, सर गेले आणि ती प्रत टेबलावर राहिली.

पुढचे काम शिपाईमामांनी केले. शिपाईमामा अत्यंत कर्तव्यदक्ष होते आणि त्यांच्यात दोष म्हणावा असा एकच होता: ते कागद वाचत. टेबलावर कागद नुसता पडलेला त्यांना बघवत नसे. या कागदाच्या तळाशी, तो खऱ्यासारखा दिसावा म्हणून सरांनी ओळ टाकली होती, 'एक प्रत प्रत्यक्ष जागेवर लावावी'. मामांनी खळ शिजवली आणि लावली. मामांची खळ संस्थेत प्रसिद्ध होती. आधीच्या संचालकांच्या निरोप समारंभाची सूचना अजून जिन्यात होती, कारण ती काढायची तर भिंतही काढावी लागली असती.

आता एखादा म्हणेल, त्यात काय एवढे? जायचे आणि सासऱ्यांना सांगून टाकायचे, की बाबा, नोटीस माझी आणि ती खोटी आहे. पण सासऱ्यांची गोष्ट वेगळी होती. ते पोस्टात होते. पत्रांची छाटणी करण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली होती. आठ महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा मुलगी त्यांना हट्टाने आपल्याकडे घेऊन आली आणि त्यांच्या घराला कुलूप लागले. पहिले चार महिने "भूक नाही" आणि "नको" यापलीकडे ते फारसे बोलले नाहीत. मुलगी स्वयंपाकघरात डोळे पुसायची. वर्गात तासन् तास बोलणाऱ्या नीतीसरांना घरात एक वाक्य सुचत नसे, म्हणून ते वर्तमानपत्रामागे तोंड लपवून बसायचे.

मग एके दिवशी सासरे बगीच्यात गेले आणि चौथ्या बाकड्यावर टेकले. तिथे एक निवृत्त शिंपी आधीपासून बसलेले होते. त्यांनी सासऱ्यांच्या शर्टाच्या बाहीकडे बघत विचारले, "ही कुणी बिघडवली?" त्या प्रश्नापासून सासरे पुन्हा बोलायला लागले. आठवड्याने त्यांना भूक लागली. महिन्याने त्यांनी जावयाच्या विषयाची पहिल्यांदा थट्टा केली आणि त्या दिवशी नवरा-बायको दोघांनाही इतका आनंद झाला, की थट्टेचे कुणाला काही वाटलेच नाही. मुलीला, जावयाला आणि डॉक्टरला जे जमले नव्हते ते त्या बाकड्याने केले होते.

आणि त्याच बाकड्याला नोटीस लागली होती.

नीतीसर उरलेली दाढी तशीच ठेवून बगीच्याकडे धावले. नोटीस बाकड्याच्या पाठीवर, बरोबर मधोमध, जराही तिरकी न होता लावली होती. त्यांनी कोपऱ्यात नख घातले. नख तुटले. मग त्यांनी खिशातली किल्ली काढली.

"अहो, अहो! काय करताय?" मागून शिंप्यांचा आवाज आला. "फाडताय होय? शाब्बास! आपल्या माणसाचं रक्त तापणारच. पण असं नको. आपण कायद्यानं जायचं. आणि दाढी अर्धीच का केलीत?"

"घाईत होतो," नीतीसर म्हणाले. दिवसभरातले ते त्यांचे एकमेव खरे वाक्य ठरले.

तरी त्यांना धीर होता. म्हटले, ऑफिसात जाऊन गुपचूप निस्तरता येईल. ऑफिसात पोहोचले तेव्हा आवकबाईंच्या टेबलापुढे सात माणसे उभी होती. आवकबाई म्हणजे येणाऱ्या प्रत्येक कागदाला क्रमांक देणाऱ्या बाई. त्यांच्या हातून क्रमांक न घेता संस्थेत वारासुद्धा शिरत नसे, असे म्हणत.

"सर, कुणी नोटीस काढलीय देव जाणे," त्या शिक्का आपटत म्हणाल्या. "हरकती कुठे द्यायच्या तेच लिहिलेलं नाही. लोक वॉचमनला देताहेत, माळ्याला देताहेत. एकानं कँटीनच्या खिडकीत टाकली. मी गोळा करून आणल्या सगळ्या."

हरकती कुठे द्यायच्या ते न लिहिणे ही चूक क्रमांक चार होती. सरांनी ती फार विचार करून पेरली होती.

"समजा," ते खाकरून म्हणाले, "नुसतं समजा हं, की ती नोटीस चुकून लागली असेल. तर या हरकती परत देता येतील?"

"नोटीस कशीही लागू दे, हरकत तर खरी आहे ना? क्रमांक पडला की सुनावणी घेऊन लेखी निकाल द्यावाच लागतो." आवकबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "तुम्हीच तर शिकवलंत मला. पुढे सरका जरा, रांग आहे."

आता संचालकबाईंना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाई नव्या होत्या, येऊन तीनच आठवडे झाले होते, आणि कडक असल्याचा लौकिक त्यांच्याही आधी येऊन पोहोचला होता. नीतीसरांनी दार ढकलले आणि घसा साफ केला.

"मॅडम, त्या बाकड्याच्या बाबतीत मला एक..."

"या, या, बसा! मी तुम्हालाच बोलावणार होते," बाई चक्क हसत म्हणाल्या. "माझ्या आधीच्यांनी हा निर्णय का घेतला मला ठाऊक नाही, पण लोकांना विचारलं हे फार चांगलं केलं. इथला कागद लोकांपर्यंत पोहोचलेला मी पहिल्यांदाच बघतेय. वर कळवलंसुद्धा मी आत्ताच."

"वर?" सरांनी नकळत छताकडे पाहिले.

"हो. एकच घोळ आहे. दहावा दिवस रविवार येतो. इतकं साधं कुणाला कळू नये?"

"नाही ना," सर पुटपुटले. ती चूक क्रमांक तीन होती.

"म्हणून सुनावणी नवव्या दिवशी, शनिवारी ठेवू. तुमच्या तीसही मुलांना मागे बसवा, शिकतील. आणि सुनावणी अधिकारी तुम्ही. या विषयातला तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस आपल्याकडे दुसरा कोण आहे?"

खरे बोलायची वेळ हीच होती. नीतीसरांनी तोंड उघडले, बाईंचा फोन वाजला आणि त्यांनी ते मिटले. बाहेर आल्यावर त्यांना सुटल्यासारखे वाटले. ते सुटल्यासारखे वाटणे दारापासून जिन्यापर्यंत टिकले.

संध्याकाळी घरी आले तर पुढच्या दाराशी चपलांच्या शेजारी सासऱ्यांची निळी बॅग उभी होती, चेन लावलेली.

"ही कशाला इथे?" त्यांनी बायकोला हळूच विचारले. ती औषधाच्या दुकानातून नुकतीच आली होती आणि पर्स खांद्यालाच होती.

"बाबा म्हणताहेत, बाकडं गेलं की मी माझ्या घरी." तिचे डोळे भरून आले. "एकटे कसे राहतील हो ते तिकडे? मी त्या बॅगेला हात लावणार नाही. मला ती उचलवणारच नाही."

एवढ्यात सासरे कागद आणि पेन घेऊन बाहेर आले. "बरं झालं आलात. बसा इथे. हरकत लिहायचीय. आमच्या शिंप्यानं लिहिलीय, पण ती वाचून वाटतं, आम्ही बाकडं फाडून नवीन शिवून मागतोय. तुम्हाला सरकारी भाषा येते. तुम्ही लिहा, मी सांगतो."

असे नीतीसर स्वतःच्या नोटिशीविरुद्ध लिहायला बसले. आणि त्यात एक विचित्र गोष्ट घडली. लिहिता लिहिता त्यांना खरोखरच राग यायला लागला. 'हलवण्याचे ठरले आहे' असे म्हणायचे आणि वर हरकती मागायच्या, याला विचारणे म्हणतात का? सार्वजनिक हित म्हणजे कुणाचे हित, ते का लिहिलेले नाही? बाकडे हलवून नेणार कुठे? त्यांचे पेन झरझर धावत होते.

"वा!" सासरे म्हणाले. "लिहिणाऱ्याला शरम वाटेल असं लिहिलंत."

"वाटेल ना," नीतीसर म्हणाले.

"थांबा, अजून एक आहे. लिहा, हरकत सहावी."

"सहावी?" सर चपापले. "पाचच चुका आहेत हो त्यात."

"तुम्ही मोजल्यात?" सासऱ्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. "नोटिशीच्या खाली बघा. 'हरकतींवर निम्नस्वाक्षरीकार निर्णय देतील.' म्हणजे सही करणाराच. ज्यानं केलं तोच न्याय करणार. हे कसं चालेल, जावईबापू? तुमच्या विषयात बसतं का हे?"

नीतीसरांचे पेन थांबले. ही सहावी चूक त्यांनी पेरलेली नव्हती. ती आपोआप उगवली होती.

रविवारी त्यांनी बायकोला सगळे सांगितले. तिला आधी हसू फुटले, मग रडू आले, आणि शेवटी ती शांतपणे म्हणाली, "बाबांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. लग्नात मी तुमची बाजू घेतली होती, म्हटलं होतं, हा माणूस दिसायला बेताचा आहे पण खोटं बोलणार नाही. आता तुमचं तुम्ही बघा."

सांगायचे त्यांनी सोमवारी ठरवले. पण सोमवारी सासऱ्यांना वेळ नव्हता. ते सह्या गोळा करायला गेले होते. मंगळवारी पळणाऱ्यांचा एक गट उभा राहिला; त्यांचे म्हणणे, बाकडे वाटेत येते, हलवलेच पाहिजे. बुधवारी लहान मुलांच्या आया आल्या. बाकडे हलवाच, पण आमच्या झोपाळ्यांपाशी आणा. गुरुवारी पळणारे आणि आया यांच्यातच जुंपली, कारण झोपाळ्यांकडे जाणारी वाटसुद्धा पळण्याचीच होती. सासरे या सगळ्यांना भेटत होते, समजावत होते, घरी येऊन दोन पोळ्या जास्त खात होते आणि जेवताना अख्ख्या घराला दिवसभराचा वृत्तान्त देत होते. बायको वाढताना वडिलांच्या तोंडाकडे बघत राहायची. हे सगळे खोट्या कागदासाठी आहे, हे आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? शुक्रवारपर्यंत आवकबाईंच्या नोंदवहीत एकशे त्रेचाळीस हरकती झाल्या. निळी बॅग दाराशी तशीच होती आणि घरातली तिघेही तिला वळसा घालून ये-जा करत होती.

शनिवारी मोठा हॉल भरून गेला. पुढच्या रांगेत सासरे, शेजारी शिंपी. डावीकडे पळणारे, उजवीकडे आया. मागे तीस प्रशिक्षणार्थी वह्या उघडून बसले होते. त्यांनी आपल्या अभ्यासात पाचपैकी तीनच चुका शोधल्या होत्या, आणि ती नोटीस खोटी आहे अशी शंकाही समोरच्या गर्दीमुळे त्यांना आलेली नव्हती. उलट एकाने दुसऱ्याला सांगितले, "सरांची कमाल आहे, खरी नोटीस आणून शिकवली आपल्याला." संचालकबाई बाजूच्या खुर्चीत बसल्या. मधल्या खुर्चीत नीतीसर.

संस्थेत एक प्रथा होती. सुनावणी घेणाऱ्याने आधी उभे राहून एक वाक्य वाचायचे: 'या प्रकरणात माझा कोणताही वैयक्तिक हितसंबंध नाही, असे मी जाहीर करतो.' सात वर्षांपूर्वी ही प्रथा नीतीसरांनीच भांडून सुरू करायला लावली होती. नोकरीत केलेल्या कामांपैकी त्यांना मनापासून अभिमान वाटावा असे हे एकच काम होते. शिपाईमामांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा त्यांच्यासमोर आणून ठेवला.

सर उभे राहिले. "या प्रकरणात माझा कोणताही वैयक्तिक हितसंबंध..." ते वाचू लागले आणि थांबले.

समोर सासरे दोन्ही हात छत्रीवर ठेवून त्यांच्याकडेच बघत होते.

"हितसंबंध..." सर पुन्हा म्हणाले. 'नाही' हा शब्द पुठ्ठ्यावर स्पष्ट होता, पण काही केल्या तोंडातून बाहेर पडेना.

"पाणी देऊ का, सर?" मामांनी विचारले.

"नको, मामा," नीतीसर म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठा पालथा घातला. "हितसंबंध आहे. माझाच आहे. सगळा माझाच आहे. ती नोटीस मी लिहिलीय. वर्गात शिकवायला लिहिली होती, खोटी. ती चुकून लागली. बाकडं हलवायचं कधी कुणाच्या मनातही नव्हतं. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घाबरलो. म्हणजे नोकरीला नाही घाबरलो..." त्यांनी सासऱ्यांकडे बघायचा प्रयत्न केला आणि नजर छत्रीवरच अडकली. "घरातलं माणूस निघून जाईल म्हणून घाबरलो. चूक झाली, माफ करा."

नीतीसरांना जाणवले, की नऊ दिवसांत पहिल्यांदाच आपला श्वास पोटापर्यंत जातो आहे. आता नोकरी जावो की राहो, त्यांच्या छातीवरचे ओझे उतरले होते.

पळणाऱ्यांचा पुढारी उठला. "म्हणजे आम्ही उगाच आलो?"

"उगाच कसं?" शिंपी म्हणाले. "बाकडं वाचलं ना!"

"कशापासून वाचलं? कुणी हलवतच नव्हतं!"

"यांच्यापासून वाचलं," शिंप्यांनी सरांकडे बोट दाखवले.

कुणीतरी हसले. संचालकबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फाइल उघडली आणि एक कागद वर काढला. "हरकत क्रमांक बावीस. इतकी चोख हरकत मी नोकरीत वाचलेली नाही. ही कुणी लिहून दिली?"

नीतीसरांनी डोळे मिटले. "तीही मीच, मॅडम."

"नोटीस तुम्हीच, हरकत तुम्हीच, सुनावणीही तुम्हीच," बाई सावकाश म्हणाल्या. "आपल्याकडे माणसं कमी आहेत हे मला मान्य आहे, पण इतकीही कमी नाहीत."

आता मात्र हॉल हसला. मागचे तीस प्रशिक्षणार्थी हसायचे की लिहून घ्यायचे या विचारात होते आणि एक जण खरेच लिहून घेत होता. हसू ओसरल्यावर बाई उठल्या. "निकाल ऐका. प्रस्तावच नाही, त्यामुळे बाकडं क्रमांक चार आहे तिथेच राहील. झोपाळ्यांपाशी नवीन बाकडं हवं ही मागणी खरी आहे, तिचा विचार होईल आणि त्याची नोटीस दुसरं कुणीतरी लिहील. सर, सोमवारी मला लेखी खुलासा हवा. आणि मामा, तुम्ही!"

"मॅडम, कागदावर 'लावावी' असं लिहिलं होतं," मामा ताठ उभे राहून म्हणाले.

"म्हणून तुम्हाला काही विचारत नाहीये. पण ती आता काढा."

"ती निघायची नाही, मॅडम," मामा नम्रपणे, पण थोड्या अभिमानाने म्हणाले.

लोक उठले, बोलत बोलत बाहेर पडले. शिंप्यांनी जाता जाता सरांच्या पाठीवर थाप मारली. या गडबडीत नीतीसरांनी पाहिले, तर सासऱ्यांची खुर्ची रिकामी होती. ते निघून गेले होते.

सर जवळजवळ धावतच घरी आले. दार उघडे होते. सासरे बॅगेपाशी उभे होते, हात तिच्या मुठीवर. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदराचे टोक हातात धरून उभी होती.

"बाबा," नीतीसर धापा टाकत म्हणाले, "जाऊ नका. मी चुकलो, पण जाऊ नका. तुम्ही नसलात तर घर कसं होतं ते आम्ही बघितलंय. म्हणजे, तुम्ही असून बोलत नव्हता तेव्हा. तुम्ही कसंही बोला, मला काय वाटेल ते बोला, पण इथे राहून बोला."

एवढे मोठे वाक्य ते घरात पहिल्यांदाच बोलले होते. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि मुठीवरचा हात काढला.

"माझा गुडघा दुखतोय," ते म्हणाले. "ही जरा आत नेऊन ठेवता का?"

नीतीसरांनी ऐकले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दोन्ही पाय रोवले, मूठ घट्ट धरली, सगळा जोर लावून बॅग उचलली आणि तिच्यासकट मागच्या चपलांच्या मांडणीवर जाऊन आदळले. बॅग पिसासारखी वर आली होती. त्यांनी बसल्या जागी चेन उघडली. आत काही नव्हते.

"रिकामी आहे ही!"

"असणारच. कपडे कपाटात आहेत, घराची किल्ली हिच्याकडे आहे," सासऱ्यांनी मुलीकडे मान वळवली. "मी जाणार कुठे?"

बायकोने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलताना दिसत होतेच.

"म्हणजे..." नीतीसर चपलांतून उठले नाहीत. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पस्तीस वर्षं लोकांची अक्षरं बघितलीत मी. शेपूट लांब काढलं म्हणून हात बदलतो होय? बाकड्यापाशी उभं राहूनच ओळखलं. तरी खात्री करायला घरी आलो. म्हटलं नव्हतं का, लिहिणाऱ्याचं तोंड बघायचंय म्हणून? तेवढ्यासाठी तर न्हाणीच्या दारात उभा होतो."

"मग बोलला का नाहीत? नऊ दिवस! मी नऊ दिवस धड जेवलो नाही, बाबा. आणि ही बॅग!"

"थोडा वचक नको?" सासरे खुर्चीत टेकले आणि त्यांनी सावकाश पाय लांब केले. गेल्या आठ महिन्यांत ते इतके निवांत बसलेले कुणी पाहिले नव्हते. "आणि बोलणार कसा? तुम्हीच लिहिलं होतंत ना, दहा दिवसांची मुदत? मुदत संपायच्या आत मी निकाल कसा देणार?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोटांवर दिवस मोजले, आणि मान डोलावली.

"नववा. मुदतीत आलात, जावईबापू."